ओळख न पटलेली तबकडी

एखादी हार्ड डिस्क संगणकाला जोडली आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, तर आपण म्हणतो, ‘संगणक डिस्क ओळखत नाही.’ हे वाक्य आता इतके रुळले आहे की त्यातल्या ‘ओळखणे’ या क्रियापदापाशी कोणी थांबत नाही. आम्हीही कधी थांबलो नव्हतो. २०२३ च्या दिवाळीनंतरचे काही आठवडे आम्हाला त्या क्रियापदाच्या सहवासात काढावे लागले. आणि ज्यांची ओळख पटली नव्हती अशा गोष्टींची यादी त्या डिस्कपाशी संपली नाही. ते सारे क्रमाने सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

‘आम्ही’ म्हणजे दोघे. दोघेही मराठीचे अध्यापक आणि एकाच सरांचे विद्यार्थी. सरांनी १९७८ पासून माणदेशातल्या शेतीव्यवहाराचे शब्द गोळा केले. औत, बैल, विहीर, पेरणी, मळणी. जाड कागदाच्या एका कार्डावर एक शब्द. त्याखाली अर्थ, वाक्यातला उपयोग, आणि तो कोठे मिळाला याची एका अक्षराची खूण. विजेचे आणि डिझेलचे पंप आल्यावर मोट गेली, ट्रॅक्टर आल्यावर औते कमी झाली, आणि ज्यांच्या तोंडी ते शब्द होते ती माणसेही एकेक करून जात होती. सर रविवारी एस.टी.ने निघत आणि संध्याकाळी पाच-सात कार्डे घेऊन परतत. २००२ साली त्यांनी संगणक घेतला आणि निवृत्तीनंतरची चार वर्षे, दोन बोटांनी टंकन करीत, सगळी कार्डे त्यात उतरवली.

२००७ मध्ये घराला रंग द्यायचे निघाले. माळ्यावर कार्डांची अकरा खोकी होती आणि त्यांतल्या दोनांना वाळवी लागली होती. काकूंनी विचारले, ‘ही खोकी ठिवायची का?’ त्या दिवशी आम्ही दोघेही तेथे होतो. ‘काकू, सगळं संगणकात आहे. आता कागदांची काय गरज?’ हे वाक्य आमचे. सर काही बोलले नाहीत. खोकी रद्दीत गेली. २००९ साली सर गेले. २०११ मध्ये संगणक विकताना दुकानातल्या माणसाने त्यातली जुनी डिस्क काढून काकूंच्या हाती दिली आणि ती जपून ठेवायला सांगितले. पुढची बारा वर्षे ती त्यांच्या लोखंडी कपाटात, जुन्या नऊवारीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होती. आम्ही दोघेही, दुसऱ्याजवळ प्रत असेलच, अशा समजुतीत निश्चिंत होतो. दिवाळीच्या भेटीत काकूंनी ती घडी आमच्यासमोर उलगडली. ‘त्यांचं काम ह्यात हाय म्हणं. बघा काय निघतंय का.’

डिस्क चाळीस जीबीची, साडेतीन इंची, जुन्या आयडीई पद्धतीची. रुंद चपट्या पट्टीच्या वायरीने जोडायची. आजच्या संगणकांत तशी जागाच नसते. म्हणून एक जोडपट्टी विकत आणली, जिचे एक तोंड डिस्कला आणि दुसरे यूएसबीला लागते. अशा डिस्कला यूएसबीतून मिळणारी वीज पुरत नाही. तबकड्या फिरवणाऱ्या मोटारीला बारा व्होल्ट लागतात आणि इलेक्ट्रॉनिक भागाला पाच. त्यासाठी वेगळा वीजपुरवठा लावावा लागतो. तो लावला, बटण दाबले. पडद्यावर काही नाही.

त्या रात्री आम्ही जे केले ते बहुतेक सगळेच करतात: वायर काढून पुन्हा लावली, दुसऱ्या छिद्रात लावली, दुसऱ्या संगणकाला लावली. एका नातेवाइकांनी फोनवर सांगितले की डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सुदैवाने आम्ही ते ऐकले नाही. थंड धातूवर दव धरते, आणि तबकडीवर पाणी म्हणजे अखेरच. आणखी एकाने झाकण उघडून ‘आत साफ’ करायला सुचवले. तबकडी आणि तिच्यावरून फिरणारे वाचनशीर्ष यांतले अंतर इतके सूक्ष्म असते की घरातल्या हवेतला धुळीचा कण त्याच्या शेकडो पट मोठा ठरतो. झाकण उघडणे हा उपाय नव्हेच.

शेवटी आम्ही डिस्कवर हात ठेवला. बारीक थरथर लागत होती, आणि कान जवळ नेल्यावर एकसुरी गुणगुण. टक्-टक् असा आवाज येत असता तर वाचनशीर्ष बिघडल्याची शंका घेऊन तत्काळ वीज तोडावी लागली असती, आणि पुढचे काम जाणकारांच्या प्रयोगशाळेतच झाले असते. तो आवाज नव्हता. म्हणजे डिस्क जिवंत होती. फक्त तिचे म्हणणे संगणकापर्यंत पोचत नव्हते. मग टॉर्च घेऊन पाहताना छाती धडधडली: पिनांच्या दोन ओळींत, बरोबर मध्यावर, एक पिन नव्हती. चाळीसपैकी एक तुटलेली. आम्ही वायर पुन्हा पुन्हा काढूनघालून ती मोडली, असेच दोघांच्या मनात आले. दोघांपैकी कोणी ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कराडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालक पन्नाशीचे. त्यांनी डिस्क हातात घेतली, आमची तक्रार ऐकली आणि हसले. ‘सर, ती पिन मुळातच नसते. वायर उलटी बसू नये म्हणून विसावी पिन ठेवतच नाहीत.’ आम्ही आयुष्यभर संहितेतल्या गळलेल्या जागांवर व्याख्याने दिली होती; मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा मात्र आम्हाला भंगच वाटली.

खरा दोष त्यांनी पुढच्या मिनिटात दाखवला. पिनांच्या शेजारी आणखी एक छोटा गट असतो, आणि त्यांतल्या दोन पिनांवर प्लास्टिकची एक चिमुकली टोपी. तिला जंपर म्हणतात. त्या काळी एका वायरीवर दोन डिस्का बसत. एक मालक, दुसरी गुलाम, असेच त्यांचे रूढ नामकरण होते. कोणती कोण हे ती टोपी कोठे बसवली आहे त्यावरून ठरे. सरांनी २००६ साली मोठी डिस्क घेतली तेव्हा जुनीला दुय्यम केले गेले असणार. टोपी अजून त्याच जागी होती. आमची जोडपट्टी मुख्य डिस्कचाच शोध घेत होती, आणि ही डिस्क सतरा वर्षांपूर्वी ठरवून दिलेल्या दुय्यम जागेवरून उत्तर द्यायला तयार होती. वरच्या चिठ्ठीवरचा नकाशा पाहून मालकांनी चिमट्याने टोपी एक घर सरकवली. वीज दिली. संगणकाने दोन स्वरांचा आवाज केला. डिस्क दिसली.

दिसली, पण वाचता येईना. पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मालक पटकन म्हणाले, ‘याला हो म्हणू नका.’ अशा वेळी संगणकाला एवढेच कळलेले असते की येथे एक डिस्क आहे. तिच्यावरच्या मजकुराची रचना सांगणारा आरंभीचा भाग त्याला लागत नाही, म्हणून तो ती कोरी समजतो आणि तिच्यावर नवी अनुक्रमणिका आखण्याची परवानगी मागतो. भाबडेपणाने विचारलेल्या त्या प्रश्नाला होकार देऊन किती घरांतले फोटो आणि किती प्रबंध गेले असतील! डिस्क दुरुस्त करण्याच्या ज्या आज्ञा असतात त्याही यावेळी द्यायच्या नसतात, कारण त्या मूळ डिस्कवरच लिहितात. आधी प्रत काढायची, मग जे प्रयोग करायचे ते प्रतीवर. हा नियम संपादनशास्त्र शिकवताना आम्ही वर्गात दरवर्षी सांगत होतो.

मालकांनी लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. फायली कोणत्या, मजकूर कोणता, याची त्याला पर्वा नसते. डिस्कवरचा प्रत्येक खण तो जसाच्या तसा उतरवतो. एक खण ५१२ बाइटांचा. चाळीस जीबीत असे सुमारे ७ कोटी ८० लाख खण. जे सहज वाचता येतात ते तो आधी घेतो, अडले की तो भाग सोडून पुढे जातो, सोडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी परत येऊन एकेका अवघड खणावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. जीर्ण पोथी वाचणारा कोणताही शहाणा माणूस असेच वाचतो. रात्रभर काम चालले. सकाळी सुमारे दोन हजार खण सोडून सगळी डिस्क उतरली होती. साऱ्या डिस्कच्या मानाने हे नुकसान नगण्य. पण ते दोन हजार खण कोणाचे, हे अजून ठाऊक नव्हते.

मग प्रतीवर टेस्टडिस्क चालवले. आरंभीचा भाग बिघडलेलाच होता. परंतु एनटीएफएस पद्धतीत त्या आरंभीच्या खणाची एक नक्कल विभागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पोथीचे पहिले पान फाटलेले असले तरी शेवटच्या पुष्पिकेवरून ग्रंथाचे नाव, लेखनिक आणि शक कळावा, तसे झाले. शेवटावरून आरंभ लागला. सरांच्या फोल्डरचे नाव दिसले: ‘शब्द’, रोमन अक्षरांत. आत चौदा फायली, वर्णानुक्रमाने, आणि एक वेगळी शब्दसूची.

पहिली फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरे, त्यांवर फ्रेंच-जर्मन पद्धतीची चिन्हे, मधूनच तारका, कंस, चलनाची चिन्हे. मराठी एकही अक्षर नाही.

आमच्या पिढीला याचे कारण ठाऊक आहे; आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा स्वतःचा कोठा १९९१ पासून आहे, पण आपल्या छापखान्यांत आणि घरांत तो पोचायला फार वर्षे लागली. तोवरचे मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत. संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरच असे; त्यावर मराठी मुखवटा टंक चढवी. टंक नसला की मुखवटा गळून पडे. शिवाय हे टंक दिसण्याच्या क्रमाने लिहीत. ‘शिवळ’मधली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसते म्हणून जुन्या टंकात ती आधी, युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी श, मग वेलांटी. रफाराचे नेमके उलट. रूपांतर करायचे म्हणजे नुसती अक्षरे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही फिरवावा लागतो. त्यातून प्रत्येक टंकाचा तक्ता निराळा. सरांचा टंक कोणता हे ठरवायला तीन दिवस गेले, आणि रूपांतरानंतर जागा चुकलेल्या वेलांट्या हाताने दुरुस्त करायला दोन महिने.

महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपून ठेवलेले होते. मठांत पोथ्या होत्या, शाई शाबूत होती, अक्षरे सुवाच्य होती. तरी पंथाबाहेरच्या अभ्यासकाला त्यांतला एक शब्द लागत नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि मराठीच्या आरंभकाळाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. हे आम्ही परीक्षेपुरते शिकवत आलो होतो. एखादे लेखन शाबूत असूनही नसल्यासारखे कसे असते, हे त्या दोन महिन्यांत अनुभवाने कळले.

चौदांपैकी तेरा फायली निघाल्या. ‘त ते न’ ही फाइल निघाली नाही. न वाचलेल्या खणांपैकी काही नेमके तिच्यातले होते. उरलेल्या तुकड्यांतून सलग वाक्य लागेना. शब्दसूची शाबूत असल्याने काय गेले तेवढे मात्र अचूक कळले: ४१२ शब्द. तिफण, थारोळे, दावे, धाव, नाडा. सरांनी ‘मोट’ या नोंदीखाली लिहिले होते: पाहा नाडा, सोंदूर, धाव, थारोळे. त्यांतला एक सोंदूर तेवढा जागेवर होता. बाकीच्या तिन्ही वाटा रिकाम्या जागेत जात होत्या. खोक्यांतली कार्डे असती तर हे चारशे शब्द आठवड्यात पुन्हा उतरवून झाले असते. ‘आता कागदांची काय गरज’ हे वाक्य आम्हाला त्या दिवशी पुन्हा ऐकू आले.

निघालेल्या मजकुरातही एक कोडे होते. नोंदीच्या शेवटी सरांची एकाक्षरी खूण असे: म. म्हणजे म्हसवड, द. म्हणजे दहिवडी, व. म्हणजे वडूज. ही गावे आम्ही सहज लावली. पण सर्वांत जास्त नोंदींखाली ‘घ.’ होता. पेरणीच्या शब्दांत तर पानेच्या पाने ‘घ.’ माण आणि खटाव तालुक्यांच्या नकाशात आम्ही घ ने सुरू होणारी गावे शोधली. एखाद्या गावात सरांचा कोणी मोठा निवेदक असणार, त्याच्या वारसांचा शोध घ्यावा, असेही ठरवले.

मार्चमध्ये छापील पाने घेऊन काकूंकडे गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. आम्ही नोंदी वाचून दाखवू लागलो. ‘चाडे’ आले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘चाड्यावर मूठ बाईनं धरायची. हात हालता न्हाय कामा, न्हायतर बी एका जागी पडतं.’ पुढची ओळ वाचली. तीत जवळजवळ हेच वाक्य प्रमाणभाषेत होते, आणि शेवटी ‘घ.’ आम्ही विचारले, ‘काकू, हे घ. कोणतं गाव?’

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. ‘गाव कसलं? घरचं. मी सांगितलेलं.’

आम्ही त्या घरात तीस वर्षे जात होतो. काकू चहा आणून ठेवत, आणि सर मध्येच आतल्या खोलीकडे तोंड करून विचारत, ‘अगं, याला तुमच्याकडं काय म्हणतात?’ आतून उत्तर येई. सर काही लिहून घेत. आम्ही तेवढा वेळ चहा पीत आमच्या प्रबंधाचा विषय पुन्हा कधी काढता येईल याची वाट पाहत असू. काकूंचे माहेर म्हसवडजवळचे, मोटेवरच्या शेतीचे. हे आम्हाला ठाऊक होते. सरांनी आपल्या प्रत्येक पानावर त्याची नोंद केली होती. ती वाचायची कशी एवढेच आम्हाला कळले नव्हते, आणि कळले नाही म्हणून आम्ही नकाशात गाव शोधत बसलो.

मग गेलेल्या फाइलची शब्दसूची काढली आणि एकेक शब्द विचारू लागलो. ‘नाडा?’ ‘नाडा म्हंजी जाड दोर. मोटंच्या तोंडाला बांधत्यात. सोंदूर बारीक, ती सोंडंला.’ ‘थारोळं?’ ‘मोट वर आली की पाणी वततंय ती जागा. तितनं पाटाला लागतं.’ ‘धाव?’ ‘बैलं मोट वढीत खाली जात्यात ती उताराची वाट.’ त्या संध्याकाळी एकोणीस शब्द झाले. आम्ही कागदावर लिहिले. कागदावरच.

लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेली आणि ते पुन्हा उभे करताना हिराइसा या स्त्रीचे पाठांतर आधाराला आले, असे महानुभाव परंपरा सांगते. वेगवेगळ्यांच्या स्मरणातून वेगवेगळे पाठ झाले आणि ते त्या त्या व्यक्तीच्या नावाने ओळखले गेले. म्हाइंभटाच्या ग्रंथात हिराइसेचा पाठ मिसळून टाकावा असे कोणाला वाटले नाही. हे उदाहरण समोर ठेवून आम्ही संपादनाचा नियम ठरवला आहे: सरांच्या नोंदी एका टंकात, काकूंनी आता सांगितलेले अर्थ दुसऱ्या टंकात आणि त्यांच्याच बोलीत, आणि जेथे ‘घ.’ आहे तेथे काकूंचे पूर्ण नाव. या शेवटच्या गोष्टीला त्यांची हरकत होती. ‘त्यांनी घरचं म्हणून लिवलंय, ऱ्हाऊ द्या की तसंच.’ बराच वाद झाला. मुखपृष्ठावर दोन नावे घ्यायला त्यांनी अखेर होकार दिला. आतल्या खुणा मात्र ‘घ.’ अशाच राहतील आणि खुलासा प्रस्तावनेत येईल, असे ठरले. सरांची संहिता बदलू नये, हा त्यांचा आग्रह संपादक म्हणून आम्हाला नाकारता आला नाही.

आता सगळ्या मजकुराच्या तीन प्रती आहेत: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. शिवाय छापील पाने. मूळ डिस्क आम्ही काकूंना परत नेऊन दिली. ती पुन्हा त्याच घडीत आहे. टोपी मुख्य जागेवरच ठेवली आहे. ४१२ पैकी २६८ शब्दांचे अर्थ आजवर मिळाले. काही शब्द काकूंनाही आठवत नाहीत. ‘ह्यो आमच्याकडचा न्हवं’ म्हणून त्या सांगतात आणि अंदाजाने काही बोलत नाहीत. त्या शब्दांपुढे आम्ही जागा मोकळी सोडणार आहोत. काकूंचे वय आज ब्याऐंशीच्या पुढे आहे. राहिलेल्या यादीतले शब्द घेऊन आम्ही दर रविवारी जातो. चहा आता आम्ही करतो.